दर वाढला शंभराचा, बिल वाढले हजाराचे



आपल्यापैकी पुष्कळांचे एक घर गावी आणि अर्धे घर पुण्यात, अशी आता स्थिती आहे. कुणाचा मुलगा हडपसरला नोकरीला, कुणाची लेक पेठेत खोली घेऊन शिकते आहे. गावचा खर्च आपल्या डोळ्यांपुढे होतो. पुण्याचा खर्च मात्र फोनवर कळतो. त्यात विजेच्या बिलाचा आकडा कानावर आला की गावाकडच्या माणसाला वाटते, पोरे तरी उधळतात, नाहीतर कुणीतरी त्यांना लुबाडतो. आज त्या बिलाचाच हिशेब मांडू. वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या भोरकडचे तात्या सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरले ते थेट माझ्याकडे आले. भाताचे रोप टाकायचे दिवस. अशा दिवसांत शेतकरी माणूस उगीच गाव सोडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चहा घेतला आणि त्यांनी खिशातून विजेची दोन बिले काढून माझ्यापुढे ठेवली.

त्यांची धाकटी लेक सदाशिव पेठेत आणखी दोघी मुलींबरोबर दोन खोल्यांत राहते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मीटर एकच, बिल तिघींत सारखे वाटून घेतात. फेब्रुवारीचे बिल होते ७५६ रुपये, वाट्याला आले २५२. मे महिन्याचे झाले १७३५, वाट्याला ५७८. बिलावर इंधन समायोजनाची आणखी एक ओळ होती. हिशेब सोपा व्हावा म्हणून ती मी तूर्त बाजूला ठेवली आहे.

तात्या म्हणाले, "पेपरात तर आलंय की दर पाच-सहा टक्क्यांनी वाढले. मग बिल दुपटीच्या वर कसं गेलं? पोरगी काहीतरी लपवतेय, नाहीतर तिला हिशेब कळत नाही. फोनवर चांगलं बोललो तिला. आज घेऊनच जायला आलोय."

तात्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. शेतीच्या विजेचा आपला अनुभव निराळा आहे. गावोगावच्या कितीतरी पंपांना वर्षानुवर्षे मीटरच नव्हते. मोटर किती अश्वशक्तीची, त्यावर आकारणी. पाणी आठ तास ओढा की दोन तास, बिल तेवढेच. पुढे जुलै २०२४ मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना काढली, तेव्हा त्या बिलाकडे पाहण्याचेही कारण उरले नाही. घरगुती बिलाचे तसे नाही. ते युनिटवर चालते आणि युनिटचा भाव पायऱ्यांवर चढतो. सगळी गोम त्या पायऱ्यांत आहे.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर तासाला पावणेचार युनिट ओढते. तिच्यापुढे घरातला पंखा काहीच नाही. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, तेरा-साडेतेरा तासांत एक युनिट घेतो. पण मोटर पाळीने चालते आणि पंखा रोज, हे ध्यानात असू द्या.

आता बिल उलगडू. त्यावर मुख्य ओळी पाच. पहिली स्थिर आकार. वीज वापरा न वापरा, जोडणी आहे म्हणून तो भरायचा. दुसरी वीज आकार, म्हणजे प्रत्यक्ष विजेचा भाव. तिसरी वहन आकार, म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे भाडे. हाही युनिटवर. चौथी इंधन समायोजन आकार. कोळसा महागला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली की त्याचा भार या ओळीत येतो. आणि पाचवी वीज शुल्क, हा सरकारचा कर. घरगुती ग्राहकाला तो वरच्या सगळ्या बेरजेवर १६ टक्के.

महावितरणचे २०२४-२५ सालचे घरगुती दर असे होते. स्थिर आकार महिना १२८ रुपये. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे. त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय ठेवला की भाव जवळजवळ दुप्पट होतो, हे पाहिलेत?

इथे एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळांना वाटते, शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना चढा भाव लागतो. तसे नाही. पहिले शंभर स्वस्तच राहतात. जेवढी युनिटे वरच्या पायरीवर गेली तेवढ्यांनाच वरचा भाव. म्हणून १०१ युनिट झाले तर घाबरायचे कारण नाही. १६८ झाले तर मात्र वरच्या ६८ युनिटांचा विचार करायला हवा.

तात्यांच्या लेकीचे तेच झाले होते. फेब्रुवारीत तिघींनी मिळून ९६ युनिट वापरले होते. तेव्हा २०२३-२४ चे दर होते. स्थिर आकार ११६ आणि पहिल्या पायरीचा भाव ५ रुपये ५८ पैसे. ९६ युनिटांचे ५३५ रुपये ६८ पैसे, त्यात ११६ मिळवले, वर सोळा टक्के शुल्क. झाले ७५६.

मे महिन्यात युनिट झाले १६८ आणि १ एप्रिलपासून दर नवे. पहिल्या शंभराचे ५८८. वरच्या ६८ चे ७७९ रुपये २८ पैसे. स्थिर आकार १२८. बेरीज १४९५ रुपये २८ पैसे, वर सोळा टक्के. झाले १७३५. बिलात चूक नव्हती.

मग मी तात्यांना म्हटले, आता आपण गंमत करू. दर वाढलेच नाहीत असे धरू आणि तेच १६८ युनिट जुन्या भावाने मोजू. जुन्या दरात दुसऱ्या पायरीचा भाव १० रुपये ८१ पैसे होता. हिशेब आला १६३५ रुपये.

म्हणजे पहा. बिल ७५६ वरून १७३५ वर गेले. वाढ ९७९ रुपयांची. त्यातले दरवाढीचे फक्त शंभर. बाकीचे ८७९ रुपये वाढलेल्या युनिटांचे, आणि ती युनिटे बहुतेक सगळी वरच्या पायरीवर पडली म्हणून इतके. पेपरातली टक्केवारी खोटी नव्हती. लेकही खोटे बोलत नव्हती. दर सहा टक्क्यांनीच वाढला होता, पण घर पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढले होते.

तात्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण बहात्तर युनिट वाढले कशात? एसी-बिसी तर नाही घेतला?"

तेव्हा आम्ही दोघे पेठेत गेलो. दुपारची वेळ. तिन्ही मुली एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली दाटीवाटीने पुस्तके घेऊन बसल्या होत्या. बाकीचे दोन पंखे बंद. तात्यांच्या फोननंतर त्यांनी तसे ठरवून टाकले होते. घरात ना एसी, ना टीव्ही. तीन जुने पंखे, दिवे, एक लहान फ्रीज, मोबाइल आणि एक लॅपटॉप. थंडीत पंखे बंद होते. मे महिन्यात तिन्ही पंखे रोज दहा-अकरा तास चालले. तीन पंखे म्हणजे २२५ वॅट. दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट, महिन्याला बहात्तरच्या आसपास. वाढलेले सगळे युनिट त्या वाऱ्यात सापडले. उधळपट्टी कुठेच नव्हती.

वाचकहो, ही गोष्ट एका तात्यांची नाही. दरवाढीची बातमी आली की घराघरांत कुणावर तरी बोट दाखवले जाते. सासू म्हणते सून इस्त्री फार करते, बाप म्हणतो पोरे रात्र-रात्र दिवे जाळतात. बोट दाखवण्याआधी दोन बिले शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी पहा. युनिट किती होते, किती झाले. शंभराच्या वर किती गेले. आणि दर बदलला तो किती. ही तीन उत्तरे लिहिली की भांडणाला फारशी जागा उरत नाही.

दर पाहताना एकाच ओळीकडे पाहू नका. २०२२-२३ मध्ये पहिल्या पायरीचा वीज आकार ३ रुपये ३६ पैसे होता, तो एप्रिल २०२३ पासून ४ रुपये ४१ पैसे झाला. नुसते एवढे वाचले तर वाढ एकतीस टक्के दिसते. पण त्याच वेळी वहन आकार १ रुपया ३५ पैशांवरून १ रुपया १७ पैशांवर उतरला. दोन्ही मिळून वाढ साडेअठरा टक्के. तीही काही थोडी नव्हे, पण एकतीसही नव्हे. उलटही घडते. दर जागेवर असतात आणि बिल वाढते, ते इंधन समायोजनामुळे. २०२२ च्या पावसाळ्यात पहिल्या शंभर युनिटांवर युनिटमागे ६५ पैसे आणि पुढच्या पायरीवर १ रुपया ४५ पैसे असा हा भार आला होता. तेव्हा तीही ओळ वाचत चला.

मीटरवाचनाच्या तारखाही पाहायला हव्यात. २०२० सालची आठवण ताजी असेल. मार्चअखेर टाळेबंदी लागली, मीटर वाचायला माणूस येईना. एप्रिल-मेची बिले मागच्या थंडीच्या महिन्यांची सरासरी धरून आली. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा उन्हाळ्याची साठलेली युनिटे एकदम अंगावर आली. त्यातच १ एप्रिलपासून दरही बदललेले. पुण्यात काय आणि राज्यात काय, केवढी ओरड झाली. महावितरणला खुलासा करावा लागला, की युनिट महिन्यांत विभागून पायऱ्यांचा लाभ दिला आहे. हा लाभ महत्त्वाचा आहे. दोन महिन्यांचे १८० युनिट विभागले तर नव्वद-नव्वद होतात, सगळे पहिल्या पायरीवर. न विभागता एकाच महिन्याचे धरले तर ऐंशी युनिट वर चढतात, आणि २०२४-२५ च्या दराने ५१८ रुपये जादा पडतात. खोली सुट्टीत बंद होती, सरासरीचे बिल आले, मग एकदम मोठे आले, असे झाले तर आधी हे विभाजन तपासा.

आता घरमालकाचा प्रश्न. पुण्यात कित्येक ठिकाणी मालकाचा मीटर एक, खोल्या तीन-चार, आणि प्रत्येक खोलीला लहान मीटर लावून मालक युनिटला ठरावीक रक्कम घेतो. मुले सांगतात, सरकारी भाव पावणेसहा आणि मालक दहा घेतो. थांबा, हिशेब करू. तीन खोल्या, प्रत्येकी साठ युनिट. प्रत्येकीचा स्वतंत्र मीटर असता तर २०२४-२५ च्या दराने खोलीचे बिल ५५८ रुपये झाले असते. एका मीटरवर मात्र १८० युनिट होतात. स्वस्तातले शंभर तिघांत मिळून एकदाच मिळतात. बिल होते १८९४, खोलीमागे ६३१, युनिटला साडेदहा. तेव्हा दहा घेणारा मालक लुबाडत नाही, उलट थोडी पदरझळ सोसतो. पंधरा घेत असेल, तर खोलीचे नऊशे होतात. तिथे मात्र मूळ बिल दाखवा म्हणायला हवे. सरळपणे विचारले तर बिल दाखवायला हरकत घेण्याचे कारण नाही.

बचतीचा विचारही पायरी पाहूनच करावा. शुल्कासह धरले तर २०२४-२५ मध्ये पहिल्या पायरीवरचे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडत होते आणि दुसऱ्या पायरीवरचे १३ रुपये २९ पैशांना. आपण वाचवतो ते नेहमी वरच्या पायरीवरचे. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा नवा पंखा बसवला तर मुलींच्या वापराने एका पंख्यामागे महिन्याला चौदा-साडेचौदा युनिट वाचतात, म्हणजे उन्हाळ्यात १९१ रुपये. तीन पंख्यांचे पावणेसहाशे. पाणी तापवायचा २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला तीस. दिवा विझवत बसण्यापेक्षा असल्या ठिकाणी हात घालावा. नऊ वॅटचा एलईडी दिवा एकशे अकरा तासांत एक युनिट घेतो. लेकरांना त्याच्यासाठी रागवू नका.

हे दर ठरवतो कोण, असे तात्यांनी विचारले होते. महावितरण स्वतः ठरवत नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. वीज कंपनी त्याच्यापुढे प्रस्ताव मांडते, आयोग लोकांच्या हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग आदेश काढतो. पुण्यातली 'प्रयास' ही संस्था अशा सुनावण्यांत ग्राहकांच्या बाजूने आकडेवारीनिशी बोलत आली आहे. तुम्हाआम्हालाही हरकत पाठवता येते.

पुण्याने या बाबतीत २००६ मध्ये एक निराळा प्रयोगही पाहिला. गावोगाव तासन् तास भारनियमन चालू होते ते दिवस तुम्ही विसरला नसाल. त्या वेळी शहरातल्या कारखान्यांनी आपापली जनित्रे चालवून वीज वाचवायची आणि शहराचे भारनियमन टाळायचे असे ठरले. त्याचा जादा खर्च आयोगाच्या मान्यतेने ग्राहकांकडून घेतला गेला. पण घरगुती ग्राहकांपैकी महिन्याला ३०० युनिटांच्या वर जाणाऱ्यांवरच तो बसला. खालच्या पायरीवरचे घर सुटले. पायऱ्यांमागचा विचार हाच, की थोडी वीज वापरणाऱ्याला ती परवडावी आणि जास्त वापरणाऱ्याने भार उचलावा. विचार चांगला आहे. मात्र तीन लेकरे एका मीटरवर राहिली की तीही जास्त वापरणारी ठरतात, ही त्यातली अडचण.

बिलच चुकीचे वाटले तर काय करावे? आधी मीटरचा आकडा बिलावरच्या आकड्याशी ताडून पहा. मीटरवरच शंका असेल तर तो तपासून मागा. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. बिल न भरता मात्र बसू नका. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी ती 'हरकत राखून' भरता येते. मग वाद चालू असेपर्यंत त्या बिलापायी वीज तोडता येत नाही.

एक सांगायचे राहिले. वर दिलेले भाव त्या-त्या सालचे आहेत. २०२५ मध्ये २८ मार्चला नवा आदेश निघाला आणि २५ जूनला त्यावर फेरविचाराचा आदेश आला. भाव असे हलतच राहणार. तेव्हा भाव आपल्या ताज्या बिलावरून घ्या, रीत मात्र हीच ठेवा. वहीत एक पान करा. महिना, वाचनाची तारीख, युनिट, शंभराच्या वर किती, एकूण रक्कम. गायीच्या दुधाचा हिशेब आपण रोज लिहितो, हा तर महिन्यातून एकदाच लिहायचा आहे.

तात्या त्या दिवशी लेकीला घेऊन गेले नाहीत. निघताना त्यांनी उठून दुसऱ्या खोलीतला पंखा लावला आणि म्हणाले, "दोघीजणी इकडे बसा. वाऱ्याला महिना दोनशे-तीनशे गेले तर जाऊ देत. परीक्षा झाल्यावर बघू." मग मला म्हणाले, "तो हिशेबाचा कागद द्या इकडे. घरी तिच्या आईला दाखवायचाय. तीही माझ्याइतकीच बोलली होती."

संध्याकाळच्या भोर गाडीने ते परत गेले. दुसऱ्या दिवशी रोप टाकायचे होते.